एका वर्षाचे अध्यक्ष आणि चाळीस वर्षांचा शब्द: रोटरीच्या पोलिओ निधीचा प्रकरण अभ्यास

रोटरीत क्लबाच्या अध्यक्षापासून जागतिक अध्यक्षापर्यंत सगळे एका वर्षाचे. १ जुलैला कॉलर, म्हणजे अध्यक्षपदाची माळ, गळ्यात पडते, पुढच्या ३० जूनला उतरते. एका वर्षात माणूस काय करणार? ज्यावर आपल्या वर्षाची पाटी लागेल असं काहीतरी. शाळेला बाकं, रक्तदान शिबिर, बसथांब्यावर छप्पर. पुढचा अध्यक्ष येतो, त्याची आवड वेगळी असते आणि मागच्याची बाकं मागच्याबरोबर जातात. हा टोमणा नाही, रोटेरियन स्वतःच हसत हसत असं बोलतात.

अशा स्वभावाच्या संघटनेनं १९८५ मध्ये एक काम अंगावर घेतलं आणि ते आजतागायत सोडलेलं नाही. जगातून पोलिओ घालवण्याच्या या कामात रोटरीनं २ अब्ज डॉलरहून जास्त पैसा घातला आहे. तो उभा राहिला तो मुख्यतः दुकानदार, वकील, विमा एजंट, कारखानदार, डॉक्टर, सीए अशा माणसांच्या खिशातून आणि त्यांच्या ओळखीपाळखीतून. म्हणजे एरवी जे लोक दीडशे रुपयांच्या बिलातही एक ओळ दोनदा वाचतात, त्यांच्याकडून.

मला या प्रकरणात दानशूरपणापेक्षा पसरण्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. धंद्यातल्या माणसांच्या जगभर विखुरलेल्या गोतावळ्यात देण्याची सवय एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कशी गेली? आणि ठरलेली मुदत एकदा नाही, अनेकदा हुकल्यावरही ती मोडली कशी नाही?

टेबल

२३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तिघांना एकत्र बसवलं. एक खाण अभियंता, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी. जागा अभियंत्याचं ऑफिस. पुढच्या बैठका आळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात व्हायच्या, म्हणून नाव रोटरी. सेवा वगैरे नंतर आली. सुरुवातीचा हेतू सरळ होता: मोठ्या शहरात ओळखी व्हाव्यात आणि एकमेकांना धंदा मिळावा. कुणी कुणाला किती काम दिलं याची नोंदही ठेवली जायची.

एक नियम मात्र पुढे फार उपयोगाला आला. एका व्यवसायाचा एकच सभासद. शिंपी एक, कोळसेवाला एक. त्यामुळे टेबलावर कुणी कुणाचा गिऱ्हाईक पळवत नव्हता, पण प्रत्येकाची बाजारातली पत प्रत्येकाला ठाऊक होती. देणगीच्या दृष्टीनं याहून चांगली बैठक मिळणं अवघड. शेजारी बसलेला स्पर्धक नाही, म्हणून त्याच्यापुढे दिलदारी दाखवायला संकोच नाही, आणि तो आपली ऐपत ओळखून आहे, म्हणून फार हात आखडून चालत नाही.

१९१० मध्ये हे लोण कॅनडात विनिपेगला गेलं, १९११ मध्ये डब्लिन आणि लंडनला, १९१९ मध्ये कोलकात्याला, १९२९ मध्ये मुंबईला. भाषा बदलली, जेवण बदललं, टेबल तेच राहिलं.

निधीची कल्पना १९१७ ची. अटलांटाच्या अधिवेशनात त्या वर्षीचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी जगात काही भलं करण्यासाठी एक कायमस्वरूपी निधी असावा असं सुचवलं. पहिली देणगी आली कॅन्सस सिटीच्या क्लबकडून: २६ डॉलर ५० सेंट. या आकड्याचं आज मोठं कौतुक होतं, पण त्या वेळी तो कौतुकाचा नव्हताच. कल्पना सगळ्यांना पटली होती आणि खिशात हात फारसा कुणी घातला नव्हता. पुढची तीस वर्षं हा निधी रांगतच होता. मधे मंदी आली, महायुद्ध आलं, हे खरं. पण ‘जगात भलं करणं’ या शब्दांवर चेक फाडणं अवघड जातं हेही तितकंच खरं.

निधी हलला तो २७ जानेवारी १९४७ ला पॉल हॅरिस वारले तेव्हा. फुलं पाठवू नका, फाउंडेशनला (हा निधी आता त्या नावानं ओळखला जायचा) द्या, असं सांगितलं गेलं. दीड वर्षात सुमारे १३ लाख डॉलर जमले. तीस वर्षांत जे तत्त्वानं झालं नाही, ते एका ओळखीच्या माणसाच्या नावानं झालं.

हा धडा फाउंडेशननं नीट गिरवला. १९५७ पासून १,००० डॉलर देणाऱ्याला ‘पॉल हॅरिस फेलो’ म्हणू लागले. भारतातल्या क्लबांत याला नुसतं ‘पीएचएफ’ म्हणतात आणि त्याचं क्रियापदही झालं आहे: ‘यंदा पीएचएफ करून टाका.’ कोटाच्या कॉलरला लावायची छोटी पिन मिळते. पुन्हा हजार दिले की पिनेवर खडा चढतो, आधी नीलम, नंतर माणिक. बाहेरच्याला हे पोरकट वाटतं. मलाही वाटायचं. पण या योजनेत एक बारीक खोच आहे, ती कळल्यावर माझं मत बदललं. आपण दिलेल्या पैशांवर मिळणारे गुण दुसऱ्याच्या नावे करता येतात. बायकोच्या, वडिलांच्या, जुन्या शिक्षकांच्या, क्लबातल्या एखाद्या नव्या सभासदाच्या. बरेच जण तसं करतात. मग ज्यानं एक डॉलरही दिलेला नाही, त्याच्या कोटावर पिन येते. त्याला बरं वाटतं, आणि थोडं अवघडल्यासारखंही होतं. एक-दोन वर्षांत तो स्वतःचा चेक फाडतो. ही पिन मानासाठी आहे असं आपण समजतो, पण बहुतेक वेळा ती उधारीसारखी काम करते.

१९२३ चा ठराव

१९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे क्लेम रेनूफ जागतिक अध्यक्ष झाले. त्यांना सगळ्या क्लबांनी मिळून करायचं एक मोठं काम हवं होतं, पण आडवा येत होता पंचावन्न वर्षांपूर्वीचा एक ठराव. १९२३ मध्ये सेंट लुइसच्या अधिवेशनात मंजूर झालेल्या ठराव क्रमांक २३-३४ चा मथितार्थ असा: कुठली सेवा करायची हे प्रत्येक क्लब स्वतः ठरवेल, वरून कुणी लादणार नाही. संघटना इतक्या देशांत टिकली ती या मोकळीकीमुळे, असं मानणारे ज्येष्ठ लोक पुष्कळ होते, आणि ते चूक नव्हते. आजही एखाद्या क्लबात डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे आसपासच्या अनेक क्लबांच्या मिळून असलेल्या विभागाकडून, ‘हे करा’ असं पत्र आलं की कोपऱ्यातून कुणीतरी विचारतंच, ‘आम्ही काय शाखा आहोत का?’

रेनूफ यांनी देवीच्या निर्मूलनाबद्दल वाचलं होतं. देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला होता आणि रोग नाहीसा करता येतो ही गोष्ट तेव्हा ताजी होती. त्यांनी जॉन सीव्हर यांना विचारलं. सीव्हर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संसर्गजन्य रोगांचे संशोधक, आणि रोटेरियनही. एकच रोग निवडायचा तर कोणता? सीव्हर यांचं उत्तर होतं पोलिओ.

हे उत्तर वैद्यकीय होतं, पण निधीच्या बाजूनं पाहिलं तर त्यात आणखी एक गोष्ट दडलेली होती. तोंडावाटे द्यायच्या लशीला सुई लागत नाही. दोन थेंब कुणीही पाजू शकतो. देवीच्या मोहिमेत देणगीदाराला फार तर अहवाल मिळाला असता, इथे तो स्वतः डोस पाजू शकत होता. ज्या कामात देणाऱ्याचा हात लागतो, त्यात त्याचा पैसा पुन्हा पुन्हा येतो. या निवडीत ते आधीपासून हेरलं होतं असा माझा दावा नाही, पण पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं राहिलं.

२९ सप्टेंबर १९७९ ला फिलिपिन्सच्या राजधानी परिसरात, मकातीतल्या एका वस्तीत, पुढचे जागतिक अध्यक्ष जेम्स बोमर यांनी पहिला डोस पाजला. उद्दिष्ट ६० लाख मुलं, खर्च ७ लाख ६० हजार डॉलर. भागाकार केला तर मुलामागे जेमतेम १३ सेंट. त्या दिवसाची एक आठवण बोमर पुढे सांगत: डोस घेतलेल्या एका मुलाच्या भावानं त्यांच्या पॅंटचा पाय ओढून रोटरीचे आभार मानले होते. अशा आठवणी व्यासपीठावरून शंभरदा सांगितल्या की गुळगुळीत होतात. पण १३ सेंट आणि पॅंट ओढणारं पोर, या दोन गोष्टी कुठल्याही क्लबातल्या कुठल्याही सभासदाला जेवताना सांगता येतात. ‘शाश्वत आरोग्य विकास’ सांगता येत नाही.

बारा कोटी

१९८५ मध्ये, संघटनेच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पोलिओप्लस या जागतिक मोहिमेची घोषणा झाली. अध्यक्ष होते मेक्सिकोचे डॉ. कार्लोस कान्सेको. तोंडावाटेची लस शोधणारे अल्बर्ट सेबिन सल्लागारांत होते. ‘प्लस’ म्हणजे गोवर, क्षय, घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या त्याच लसीकरणातल्या बाकीच्या पाच रोगांसाठी मदत. लक्ष्य १२ कोटी डॉलर.

तेव्हा सभासद दहा लाखांच्या आसपास. म्हणजे माणशी सव्वाशेहून कमी डॉलर, तेही दोन-तीन वर्षांत मिळून. आकडा डोळे फिरवणारा होता, पण टेबलावर वाटून घेतला की झेपणारा. मोहीम वरून खाली देशाकडे, डिस्ट्रिक्टकडे, क्लबकडे गेली. प्रत्येक पायरीवर एक माणूस जबाबदार, आणि तो माणूस त्या टेबलावरचाच. १९८८ पर्यंत २४.७ कोटी डॉलर जमले. लक्ष्याच्या दुपटीहून जास्त.

दुप्पट का झाले? मला याचं उत्तर भाषणांत सापडत नाही, साप्ताहिक सभेत सापडतं. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: घंटा वाजते, राष्ट्रगीत होतं, वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस वाचले जातात, सचिव घाईघाईनं सूचना उरकतो कारण वक्ता घड्याळाकडे बघत असतो. सार्जंट-ॲट-आर्म्स नावाचा पदाधिकारी डबा फिरवतो. ज्याच्या घरी काही चांगलं घडलं असेल तो उभा राहून सांगतो आणि डब्यात नोट टाकतो. मुलगी पास झाली, शंभर. नातू झाला, पाचशे. उशिरा आला, दंड. मोबाइल वाजला, दंड. सगळे हसतात. नंतर ‘फेलोशिप’, म्हणजे जेवण आणि ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे बाकीचं.

त्या डब्यातून फार पैसा येत नाही. पण दर आठवड्याला, चारचौघांत, हसत हसत, कारण सांगून पैसे टाकायची सवय त्यातून लागते. मोठी देणगी मागायची वेळ येते तेव्हा हात त्या वाटेला आधीच सरावलेला असतो. आणि मागणारा आधी स्वतःचा आकडा सांगतो. ‘मी माझे दिले आहेत’ हे पहिलं वाक्य, मग ‘तुमचं काय?’ धंद्यात यालाच स्वतःचे पैसे अडकवणं म्हणतात. ज्यानं स्वतः काही घातलेलं नाही अशा माणसानं केलेली कुठल्याही संस्थेची मागणी आणि ही मागणी, यांत ऐकणाऱ्याला लगेच फरक कळतो.

आणखी एक यंत्रणा कमी बोलली जाते, पण व्यापारी मनाला ती सगळ्यात जास्त पटते. फाउंडेशनच्या वार्षिक निधीत दिलेला पैसा तीन वर्षं गुंतवून ठेवतात. त्या काळातल्या कमाईतून कारभाराचा खर्च भागवला जातो. तीन वर्षांनी जवळजवळ निम्मी रक्कम त्याच डिस्ट्रिक्टच्या हातात परत येते, स्वतःच्या पसंतीच्या कामांसाठी. उरलेली जागतिक निधीत जाते आणि दोन देशांतल्या क्लबांनी मिळून काम काढलं तर त्यातून पूरक रक्कम मिळते. म्हणजे दान करताना ‘आपल्या गावाचं काय?’ हा प्रश्न आधीच सुटलेला असतो. पोलिओसाठी दिलेला पैसा मात्र असा परतत नाही, तो थेट पोलिओला जातो. माझा तर्क असा की परत येणाऱ्या देणगीनं फाउंडेशनवरचा विश्वास कमावला, आणि तो विश्वास न परतणाऱ्या देणगीसाठी वापरला गेला.

इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. हे सगळं चालू असताना रोटरीत स्त्रियांना सभासदत्व नव्हतं. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि १९८९ मध्ये संघटनेनं आपला नियम बदलला. तोवर सभासदांच्या बायकांना ‘रोटरी ॲन’ म्हणत, आणि आपल्याकडे काही क्लबांत अजूनही म्हणतात. २४.७ कोटींत किती डॉलर ज्यांना टेबलावर खुर्चीच नव्हती अशांच्या श्रमातून आले, याचा हिशोब कुठल्याच वहीत सापडणार नाही.

हुकलेल्या मुदती

मे १९८८ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं २००० सालापर्यंत पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. तेव्हा १२५ हून अधिक देशांत वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलांना हा रोग होत होता. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अमेरिकेचं रोग नियंत्रण केंद्र आणि रोटरी असे चार भागीदार झाले. एका व्यापारी मंडळींच्या संघटनेला सरकारी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांच्या रांगेत खुर्ची मिळाली, आणि ती २४.७ कोटींनी मिळवून दिली हे उघड आहे.

२००० आलं. रुग्ण ९९ टक्क्यांनी कमी झाले होते, पण रोग गेला नव्हता. मग २००५ धरलं, संघटनेचं शताब्दी वर्ष. २००२-०३ मध्ये ‘दिलेला शब्द पाळू’ अशा आवाहनानं ८ कोटी डॉलरची दुसरी मोहीम झाली आणि तेही लक्ष्य ओलांडलं गेलं. पण २००३ मध्ये उत्तर नायजेरियातल्या कानो प्रांतात लशीबद्दल संशय पसरून लसीकरण थांबलं, आणि तिथला विषाणू अनेक पोलिओमुक्त देशांत जाऊन पोहोचला. २००५ ही गेलं.

माझ्या मते या प्रकरणाची खरी कसोटी इथे आहे. ज्या सभासदानं १९८७ मध्ये ‘एकदाच द्या’ ऐकून दिले, २००३ मध्ये ‘शेवटचं’ ऐकून दिले, त्याच्यापुढे तिसऱ्यांदा कुठल्या तोंडानं जायचं? बारा कोटींचा मूळ अंदाज मुलांना पाच वर्षं लस पुरवण्याच्या हिशोबावर बेतलेला होता. लस स्वस्तच होती. महाग पडलं ते शेवटच्या मुलापर्यंत पोहोचणं: पाहणी, प्रयोगशाळा, लस वाटेत थंड ठेवणारी शीतसाखळी, फेऱ्यांमागून फेऱ्या. सगळ्या भागीदारांचा आणि सरकारांचा मिळून खर्च आज २० अब्ज डॉलरच्या घरात आहे. एखाद्या ठेकेदारानं असा अंदाजपत्रक चुकवला असता तर याच सभासदांनी त्याला दारात उभं केलं नसतं.

नोव्हेंबर २००७ मध्ये बिल गेट्स यांच्या फाउंडेशननं १० कोटी डॉलर दिले, पण अट घातली: तुम्हीही १० कोटी उभे करा. जानेवारी २००९ मध्ये त्यात २५.५ कोटींची भर पडली आणि रोटरीचा वाटा २० कोटींवर गेला. मुदत जून २०१२. लक्ष्य जानेवारी २०१२ मध्येच पुरं झालं.

नुसती देणगी मिळाली असती तर, मला वाटतं, सभासदांनी हुश्श केलं असतं. आता मोठा माणूस आला, आपलं काम संपलं. अटीमुळे उलटं झालं. आपण दिलेल्या डॉलरमागे बाहेरून डॉलर येतो हे गणित कुठल्याही दुकानदाराला समजवावं लागत नाही. थकलेल्या गल्ल्याला पुन्हा खुळखुळ आली. २०१३ पासून हिशोब आणखी गोड झाला: रोटरीच्या एका डॉलरमागे दोन. १९१७ च्या सूचनेला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१७ मध्ये, अटलांटातच अधिवेशन भरलं आणि गेट्स स्वतः तिथे आले. रोटरीनं तीन वर्षं दरवर्षी ५ कोटी उभे करायचे आणि त्यांच्या दोन पटींनी मिळून ४५ कोटी, असं जाहीर झालं.

बूथवरचा रविवार

भारताचा भाग आपल्याला जवळचा, पण मी तो पैशाच्या गोष्टीपुरताच घेतो. २००९ मध्ये भारतात ७४१ रुग्ण होते, जगातल्या एकूण रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे. २०१० मध्ये ४२. २०११ मध्ये एक, हावड्यातली दीड वर्षाची मुलगी, १३ जानेवारीची. २७ मार्च २०१४ ला दक्षिण-पूर्व आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. भारतातल्या मोहिमेचा मोठा भार सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून उचलला आणि पायपीट आशा, अंगणवाडी सेविका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी केली. रोटरीनं पोलिओ घालवला असं एखादा उत्साही वक्ता म्हणतो तेव्हा मी मान खाली घालतो.

मग रोटरीचं काम काय होतं? पल्स पोलिओच्या रविवारी कुठल्याही बूथवर उभं राहिलं की दिसायचं. निळ्या डब्यात बर्फाच्या वड्यांमधे लशीच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीच्या लेबलवर एक गोल आणि त्याच्या आत छोटा चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस चांगली, दोन्हींचा रंग सारखा झाला की बाटली बाद. डोस पाजला की डाव्या करंगळीच्या नखावर शाई. पोरं रडली तर शिट्टी किंवा फुगा. शिट्टी, फुगा, मंडप, पिवळे टीशर्ट, रिक्षावरचा भोंगा, कर्मचाऱ्यांचा चहा-नाश्ता, यातलं पुष्कळ क्लबाच्या खिशातून यायचं. दुसऱ्या दिवसापासून घरोघरी फेरी. सगळ्या मुलांना डोस मिळालेल्या घराच्या दारावर खडूनं ‘पी’, कुणी राहिलं किंवा नकार मिळाला तर ‘एक्स’. पश्चिम उत्तर प्रदेशात ‘एक्स’ची दारं जास्त होती. तिथे रोटरीनं उलेमांची, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांची, समिती बनवून त्यांच्या तोंडून विश्वासाचा शब्द मिळवला. हे काम पैशाचं नव्हतं, ओळखीचं होतं, आणि ओळखी हा तर या संघटनेचा मूळ धंदा.

आता पसरण्याची गोष्ट. या फेऱ्यांसाठी अमेरिका, ब्रिटन, जपान अशा देशांतले सभासद स्वतःच्या तिकिटानं भारतात यायचे. आठवडाभर राहायचे, दोन-चारशे मुलांना डोस पाजायचे. कामाच्या हिशोबानं पाहिलं तर हा शुद्ध तोटा. त्या विमान तिकिटाच्या पैशात किती लशी आल्या असत्या! मीही कधीकाळी असंच म्हणत होतो. पण तो माणूस परत जाऊन काय करायचा ते मी धरलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो आपल्या क्लबात उभा राहायचा, पडद्यावर फोटो दाखवायचा, नखावरची शाई कशी लावतात ते सांगायचा. मग शेजारच्या क्लबात, मग डिस्ट्रिक्ट कॉन्फरन्सला. प्रत्येक ठिकाणी टेबलावरचे लोक त्याला नावानं ओळखत होते. माहितीपत्रकावर शंका घेता येते, पण ज्याच्याकडे आपण वीस वर्षं विमा काढतो त्याच्यावर घेता येत नाही. निधीची वाट शिकागोजवळच्या इव्हान्स्टनमधल्या मुख्यालयातून क्लबाकडे जाते असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात ती एका टेबलावरून निघून बूथवर जाते आणि बूथवरून दुसऱ्या टेबलावर येते.

मोठे देणगीदारही याच वाटेनं जोडले गेले. आपल्याकडे राजश्री बिर्ला यांनी पोलिओ निधीला सातत्यानं मोठ्या देणग्या दिल्या. पण अशा नावांपेक्षा दरवर्षी १०० डॉलर देणारा माणूस जास्त मोलाचा असं मी मानतो, कारण त्याच्या शेजारी बसणारे त्याच्यासारखेच असतात. कोट्यधीशाचं अनुकरण कुणी करत नाही, त्याचं कौतुक करतात.

जे खटकतं

२०२१ मध्ये जगात नैसर्गिक पोलिओचे फक्त सहा रुग्ण होते. २०२४ मध्ये ९९, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान मिळून. शिवाय तोंडावाटेच्या लशीतल्याच विषाणूनं रूप बदलून, कमी लसीकरणाच्या भागात पसरून होणारा पोलिओ आहे. ज्या थेंबांनी देणगीदाराला कामात हात घालू दिला, त्या थेंबांचीच ही दुसरी बाजू. सभेत हे सांगणारा वक्ता मी क्वचित ऐकला आहे.

देवीविरुद्धची मोहीम चालवणारे डी. ए. हेंडरसन यांना पोलिओ निर्मूलनाबद्दल बराच काळ शंका होती. एवढा पैसा एका रोगामागे लावण्याऐवजी रोजच्या लसीकरणात घातला असता तर जास्त मुलं वाचली असती का, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्यातली शहाणी माणसं विचारत आली आहेत. रोटरीच्या टेबलावर तो विचारणं जड जातं. चाळीस वर्षांत पोलिओ हा प्रकल्प उरला नाही, ती ओळख झाली. ‘आम्ही कोण?’ याचं उत्तर. स्वतःच्या ओळखीचा नफा-तोटा कुणी मांडत नाही. पैसा टिकला तो याच चिवटपणामुळे, आणि उलटतपासणी अवघड झाली तीही त्यामुळेच. या दोन गोष्टी सुट्या करता येतील असं मला वाटत नाही.

आणि एका वर्षाच्या अध्यक्षांचं काय? मला आधी वाटायचं की हे काम त्यांच्या हाती नसल्यामुळे टिकलं. फाउंडेशनचे विश्वस्त चार वर्षांचे असतात, पोलिओची समिती वेगळी असते, वगैरे. ते आहेच. पण अध्यक्षांशी बोलताना दुसरंच कळतं. मागच्याची बाकं सोडून द्यायला काही लागत नाही. चाळीस जणांनी धरून आणलेली गोष्ट आपल्या वर्षात खाली ठेवायची म्हणजे छाती लागते, आणि ‘माझ्या वर्षात संपलं’ म्हणण्याची शक्यता दर वर्षी असतेच. तेव्हा मे महिना आला की नियोजित अध्यक्ष संगणकावर येत्या वर्षाची उद्दिष्टं भरायला बसतो. सभासदवाढ किती, वार्षिक निधी किती, आणि त्याखाली पोलिओ. शेजारच्या क्लबनं किती लिहिलंय ते विचारून तो थोडा वरचा आकडा टाकतो. कॉलर अजून जुन्या अध्यक्षाच्याच गळ्यात असते.